आजऱ्याची फाइल

माझा दिवस सकाळी सातला सुरू होतो आणि, खरं सांगायचं तर, साडेसातला संपतो. त्या अर्ध्या तासात सात गोदामांच्या सात फाइली येतात. त्यानंतरही काम असतं, तक्ते असतात, महिन्याचे अहवाल असतात. पण त्यात कुणाची वाट बघायची नसते. वाट बघायची ती या अर्ध्या तासातच.

आमची कंपनी जनावरांचं खाद्य बनवते. सरकी पेंड, गोळी पेंड, खनिज मिश्रणाच्या पिशव्या. कोल्हापुरात ऑफिस होतं तेव्हा आम्ही अकरा जण होतो. मग पुण्याच्या मुख्य ऑफिसला एक दिवस साक्षात्कार झाला की हे काम घरूनही होतं. टेबलं गेली, खुर्च्या गेल्या, अकराच्या चहाची किटली गेली, दहा जण कुठं कुठं पांगले आणि मला एक लॅपटॉप देऊन घरी बसवलं. घर म्हणजे मंगळवार पेठेतल्या दोन खोल्या. लग्न मी केलं नाही. आई होती तोवर घरात बोलणं होतं, भांडण तर होतंच होतं. ती गेल्याला चार वर्षं झाली. आता मी मोठ्यानं बोलते ती दुधाच्या भांड्याशी, तेही ते उतू गेलं तर.

फाइलींचं सांगते. मलकापूर, गारगोटी, आजरा धरून सात ठिकाणी आमची गोदामं आहेत. पोतं आत आलं की त्यावरच्या काळ्या रेघांच्या पट्टीवर गोदामवाला हातातलं यंत्र धरतो, पोतं बाहेर निघालं की पुन्हा धरतो. कंप्युटर सगळं टिपून ठेवतो आणि सकाळी सातला, कुणी हात न लावता, आदल्या दिवसअखेरच्या मालाची फाइल पुण्याच्या सर्व्हरवर सोडतो. सर्व्हर म्हणजे एक मोठं कपाट समजा, त्यात प्रत्येक गोदामाचा एक खण. फाइल खणात पडली की मी ती उघडते, ओळी जुळतात का बघते, आणि त्याच खणात एक छोटी फाइल ठेवते. तिला आम्ही पोच म्हणतो. पोच दिसली की गोदामवाल्यानं समजायचं, आपली फाइल मिळाली.

मलकापूरची फाइल सात वाजून दोन सेकंदांनी येते. गारगोटीची तीन सेकंदांनी. दिवाळी असो नाहीतर पंचगंगेला पूर आलेला असो. बाकीच्या चारही तशाच. सहा फाइली धडाधड पडतात आणि मग सगळं शांत होतं. सातवी आजऱ्याची. ती कधी सहा अठ्ठावन्नला यायची, कधी सात चारला, कधी सात अकराला.

सुरुवातीला मी वैतागले. मला नीटनेटकेपणाची खोड आहे. आई म्हणायची, हिला डाळीतले खडेसुद्धा रांगेत लागतात. शेवटी आजऱ्याला फोन लावला. पलीकडून भारदस्त आवाज आला.

"म्याडम, फाइल गावली न्हाय काय?"

"मिळाली. पण रोज वेगळ्या वेळेला कशी येते?"

"ती मी सोडतोय न्हवं."

तर हकीकत अशी होती. आजऱ्याच्या पावसाचा आणि विजांचा त्या गृहस्थांना काडीचा भरवसा नव्हता. कंपनीचं यंत्र जळायला नको म्हणून ते रोज संध्याकाळी गोदामाला कुलूप घालताना कंप्युटर भिंतीवरच्या बटणापासूनच बंद करायचे. बंद कंप्युटर सातला फाइल कशी सोडणार? मग सकाळी उठून चहाचं आधण ठेवायचं, कंप्युटर लावायचा, तो जागा होईतो चहा गाळून घ्यायचा आणि फाइल आपल्या हातानं सोडायची. पोच आल्याशिवाय चहा प्यायचा नाही, असा एक नियम त्यांनी स्वतःच स्वतःला घालून घेतला होता.

"च्या निवतोय हो म्याडम कधीकधी. पोच जरा लौकर धाडा की," ते म्हणाले.

मी फोनवर कोरडंच बोलले, पण दुसऱ्या दिवसापासून पहिली पोच आजऱ्याची द्यायला लागले.

त्यांची बायको वारलेली, एक लेक निपाणीला दिलेली. गोदाम गावाबाहेर, शेतांच्या मधोमध, आणि त्याच्या मागच्या खोलीत ते एकटेच राहायचे. तिथले ड्रायव्हर त्यांना चाचा म्हणायचे, म्हणून मीही म्हणायला लागले. मी म्याडमची ताई झाले. पाच वर्षांत आम्ही सहा-सात वेळा बोललो असू. भेटलो तर कधीच नव्हतो. पण मला त्यांची खबर असायची. बाजाराच्या दिवशी फाइल लवकर यायची. पावसाच्या दिवसांत लाइट रुसलेली असली की उशिरा. रमजानात ती पाच-सव्वापाचलाच येऊन पडलेली असायची. रोज्याआधी सहेरीचं खायला उठलेला माणूस सातपर्यंत कशाला थांबेल? त्या महिन्यात चहा निवायचा प्रश्न नव्हता, तरी मी पोच आधी आजऱ्याचीच द्यायचे.

एकदा सात चाळीस झाले तरी फाइल नाही. मी पुन्हा पुन्हा खण उघडून बघत होते. शेवटी फोन केला. चाचांचा गॅस संपला होता आणि ते मागं जळण गोळा करत होते.

"बिनफाइलीचं चहा कसा पिऊ आन् बिनचहाचं फाइल कशी सोडू, असं झालतं बघा," असं म्हणून ते हसले. मग म्हणाले, "पण ताई, फोन केलासा, लई बरं वाटलं."

मलाही बरं वाटलं होतं. सांगायला लाज वाटते, पण सातच्या आत माझे केस विंचरलेले असायचे. फाइलीला काय दिसणार आहे? तरी विंचरलेले असायचे. दिवसात एक माणूस आपली वाट बघून चहा पितो, ही गोष्ट माझ्यासारख्या बाईला पुष्कळ दिवस पुरते.

मग पुण्याला नवे साहेब आले. प्रत्येक नवा साहेब येताना एक नवा तक्ता घेऊन येतो. या साहेबांच्या तक्त्यात प्रत्येक गोदामापुढं एक चौकोन होता. फाइल सातच्या ठोक्याला आली तर हिरवा, नाहीतर लाल. लवकर आलेलीही लालच. बाकी जिल्ह्यांचे सगळे चौकोन हिरवे, माझेही सहा हिरवे आणि आजऱ्याचा महिनाभर लाल. तक्त्याखाली साहेबांनी फक्त एवढंच लिहिलं होतं: आपल्याकडेच एक लाल का?

ते 'आपल्याकडेच' मला झोंबलं. पंचवीस वर्षांच्या नोकरीत माझ्या कामावर कुणी बोट ठेवलेलं नव्हतं.

इथं मला खरं सांगितलं पाहिजे, कारण त्यासाठीच हे लिहायला बसले आहे. ती फाइल हातानं सोडलेली आहे, म्हणूनच मला हवीशी वाटते, हे मला पक्कं ठाऊक होतं. एकटा लाल चौकोन हा त्या तक्त्यातला एकमेव जिवंत माणूस आहे, हेही ठाऊक होतं. मी साहेबांना तसं लिहू शकले असते. पंधरा मिनिटांनी कुणाचे बैल उपाशी मरत नव्हते. पण मी लिहिलं नाही. मला तो चौकोन हिरवा हवा होता.

कंपनीनं आजऱ्याला विजेपासून राखणारं बॅटरीचं खोकं पाठवलं. ते बसल्यावर मी फोन केला.

"चाचा, आता रात्री कंप्युटर बंद करायचा नाही. तो आपला आपण सातला फाइल सोडेल."

"आन् वीज पडली म्हंजे?"

"त्याचंच तर खोकं बसवलंय."

"मग सकाळी मी काय करू?"

"काही करू नका. निवांत झोपा."

"झोप कुठली ताई ह्या वयात," ते म्हणाले. "तेवढं एक बटण ऱ्हाऊ द्या की माझ्याकडं. फाइल गेली म्हंजे मी हाय, एवढं तरी तिकडं कुणाला कळतंय."

मी हसले. "तुम्हाला काय धाड भरलीय, चाचा?" असं म्हणाले. मग त्यांच्याकडून एकेक बटण दाबून घेतलं, कुठं काय दिसतंय ते विचारलं, आणि सातची वेळ लावून टाकली. त्यांनी सगळं सांगितल्याप्रमाणं केलं. फोन ठेवताना ताई म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आजऱ्याची फाइल सात वाजून तीन सेकंदांनी आली. महिन्याच्या शेवटी तक्ता हिरवागार झाला. साहेबांनी खाली अंगठ्याचं चित्र टाकलं होतं. मी ते बघितलं आणि लॅपटॉप मिटला.

चार महिने असेच गेले. पोच मी आता वरून खाली, ओळीनं द्यायचे. पलीकडे ती बघायला कुणी बसलं असेल असं वाटत नव्हतं. चाचांना फोन करावा असं अनेकदा मनात आलं. पण करून बोलायचं काय? फाइल तर वेळेवर येत होती. केस मी कधी आठला विंचरायचे, कधी दहाला.

मग एक रविवार आला आणि त्याला लागून सोमवारची सुट्टी. सुट्टीत गोदामं बंद, पण फाइली येतातच. फक्त आकडे बदलत नाहीत. रविवारी आजऱ्याचे आकडे शनिवारचे होते. सोमवारी तेच. मंगळवारी सकाळीही तेच, आणि तेही बरोबरच होतं, सोमवारी माल हललेलाच नव्हता. तिन्ही दिवस फाइल सातला आली, तिन्ही दिवस मी तपासली, तिन्ही दिवस पोच दिली.

मंगळवारी दहाच्या सुमाराला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. आजऱ्याला माल उतरवायला गेलेल्या ट्रकचा ड्रायव्हर होता. अडचणीला म्हणून माझा नंबर गोदामाच्या दारावर चिकटवलेला असतो, तो बघून त्यानं लावला होता.

"म्याडम, चाचा कुठं गेल्यात? शटर बंद हाय. हाका मारून दमलो."

"असतील तिथंच," मी म्हणाले. "सकाळी सातला फाइल आलीय त्यांची."

"मग गावात गेलं असतील. येतो जरा च्या मारून."

मी फोन ठेवला आणि गवारी मोडायला घेतली. निम्मी मोडून झाली असेल, तेव्हा माझे हात थांबले. फाइल आलीय त्यांची, असं मी म्हणाले होते. त्यांची कसली? ती वेळ मीच लावली होती. ते गोदामात असोत, निपाणीला असोत, नाहीतर कुठंच नसोत, ती सातला येणारच होती. आणि हे या जगात सगळ्यात जास्त मला माहीत होतं.

चाचांचा फोन लावला. वाजत राहिला. ड्रायव्हरला लावला, त्यानं उचलला तेव्हा मागं कपबशांचा आवाज येत होता. "मागच्या खोलीत बघा," मी ओरडले. "दार उघडलं नाही तर फोडा. आत्ता जा." तोवर अर्धा तास गेला होता. माझ्या एका वाक्यानं गेला होता.

चाचा कॉट आणि भिंत यांच्या मधल्या जागेत पडलेले सापडले. उजवं अंग गेलं होतं. रविवारी पहाटे उठताना पडले असावेत, असं डॉक्टर म्हणाले. जिवंत होते. त्यांना कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यात आणलं.

मला तिथं जायला सहा दिवस लागले. रिक्षानं पंधरा मिनिटांचा रस्ता. रोज साडी बदलायचे आणि रोज काहीतरी काढून घरीच बसायचे. सातव्या दिवशी गेले. काय बोलायचं ते मनात घोकलं होतं: चाचा, चूक माझी आहे, मला माफ करा. एवढंच.

आवाजावरून मी त्यांना आडदांड समजत आले होते. कॉटवर एक काटकुळा, लांब माणूस होता, पांढरी दाढी एका बाजूला कलंडलेली. डोळे मिटलेले. उशाशी लेक बसली होती, चाळिशीची असेल. मी कोण ते सांगितल्यावर तिनं मला स्टूल दिलं.

"तुम्हीच काय त्या फाइलवाल्या ताई? अब्बा लई सांगायचं तुमचं." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "मी शुक्रवारचा तेवढा फोन करती. मला कसं कळायचं? अब्बांना शुद्ध यायची, जायची. समोर घड्याळ हुतं भिंतीला. त्यास्नी वाटायचं म्हणं, सात वाजून गेल्यात, आज आपल्या हातनं फाइल गेली न्हाई, आता ताईंचा फोन येतोय बघ. तिकडंच कान लावून पडलं हुतं. तीनदा सकाळचं सात वाजलं."

सातची वेळ लावलेली आहे, हे ते पडल्यावर विसरून गेले होते. पाच वर्षांची सवय चार महिन्यांत जात नाही. मी स्टूल धरून बसून राहिले. तिनं मला बोल लावला नव्हता, नुसतं सांगितलं होतं. पण मला तिथून उठून पळून जावंसं वाटत होतं.

चाचांनी डोळे उघडले. लेक त्यांच्या कानाशी म्हणाली, "अब्बा, ताई आल्यात." त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून, एकेक अक्षर ओढत, विचारलं,

"फाइल... गेलती?"

"गेलती, चाचा," मी म्हणाले. "तिन्ही दिवस. सातला."

ते विचार करत होते, हे कपाळावरून दिसत होतं. फोन का आला नाही, ते त्यांच्या ध्यानात येत होतं. मग डावा हात चादरीवरून थोडा सरकला.

"मग बरुबर," ते म्हणाले.

त्यांनी शिवी दिली असती तर मला चाललं असतं. त्या दोन शब्दांनी त्यांनी मला मोकळं केलं, आणि मी आजतागायत मोकळी झालेली नाही. माफीचं वाक्य बोलायचं राहूनच गेलं. बाहेर येऊन जिन्यात बसले आणि आई गेली तेव्हाही रडले नव्हते एवढी रडले.

महिन्याभरानं लेक त्यांना निपाणीला घेऊन गेली. जायच्या आधी मी तिला एक गोष्ट सांगून ठेवली. सकाळी चाचांच्या डाव्या हातात फोन द्यायचा आणि त्यांनी मला मिस कॉल मारायचा. मी उचलणार नाही, उचलला तर त्यांना बोलायचे कष्ट. मी उलटा एक मारेन. तीच पोच.

तिला ते जरा खुळ्यासारखं वाटलं असणार. पण दुसऱ्याच दिवशी सात वाजून सहा मिनिटांनी फोन एकदा वाजला आणि बंद झाला. मग रोज. कधी सहा पंचावन्न, कधी सात अकरा. आजऱ्याला आता नवा माणूस आहे, मी त्याचा आवाजही ऐकलेला नाही. त्याची फाइल सात वाजून तीन सेकंदांनी येते. मी तिची पोच सगळ्यात शेवटी देते, ती मात्र अजून हातानं. पोचही आपोआप जाईल अशी सोय करून देतो, असं पुण्याचं पत्र आलंय. मी त्याला उत्तर दिलेलं नाही.

गेल्या महिन्यात मला ताप भरला. अंग असं मोडून आलं की पहाटे एकदा पाणी प्यायला उठले आणि परत येऊन पडले ती पडलेच. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला, मधलं दार लोटलेलं. जाग आली तेव्हा ऊन खिडकीतून भिंतीवर चढलं होतं. पहिला विचार आला तो सात फाइलींचा. दुसरा असा आला की आज मी उठलेच नसते, तर हे कुणाला कधी कळलं असतं? दुधाची पिशवी दाराला लटकत राहिली असती. पुण्याला तर चौकोन हिरवेच दिसले असते, तेही महिन्याच्या शेवटी.

भिंत धरत धरत स्वयंपाकघरात गेले. पुण्याचा एकही फोन नव्हता. निपाणीचे अकरा मिस कॉल होते. पहिला सात वाजून दोन मिनिटांनी. मग सात नऊ, सात वीस, सात बावीस, आणि पुढं असेच, डाव्या अंगठ्याला जमेल तसे.

मी ते मोजत उभी होते तेवढ्यात बारावा वाजला. या वेळी तो बंद होईना. मी उचलला. पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता. मग ओढत ओढत शब्द आले.

"ताई... हाय न्हवं?"

माझा घसा बसला होता. पहिल्यांदा आवाजच फुटला नाही. दुसऱ्यांदा फुटला.

"हाय की, चाचा."

त्यांनी फोन तोंडापासून बाजूला केला असावा, कारण पुढचं लांबून ऐकू आलं. ते लेकीला सांगत होते, "आण... च्या."

सव्वानऊ वाजले होते.